राजगड-तोरणा-रायगड : तीन माणसं, चार जोड बूट

गुरुवार

नसरापूर, मार्गासनी, साखर करत राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. डिसेंबरची थंडी, जेवण आधी सांगून ठेवलेलं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. जेवणं आटोपल्यावर ओसरीवर बॅटरी लावून बुटांची पाहणी झाली. या खेपेला निघण्याचं अर्धं निमित्त तेच होतं. ट्रेल रनिंगचे, म्हणजे डोंगरवाटांवर पळायचे, बूट शर्यतीच्या दिवशी काही तास कसे वागतात ते ठाऊक होतं. पण पाठीवर सॅक, खाली सुका सह्याद्री आणि रोज सकाळी पुन्हा तेच बूट, असं केलं की ते पायाला किती सुखाचे राहतात आणि स्वतः किती टिकतात, हे बघायचं होतं.

आम्ही तिघे. मी, माझा मावसभाऊ, आणि ज्यांना आमच्या गटात सगळे ‘रबरवाले’ म्हणतात ते. रबराचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांची हयात गेली आहे. टायर दिसला की अंगठ्याचं नख रुतवून बघतात.

माझे बूट घोट्याखालचे, वर जाळीचं कापड, तळाला 5 मिलिमीटरचे रबरी दात, टाच चवड्यापेक्षा 8 मिलिमीटर उंच. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना आणि ट्रेकचेच मोजे घालून घेतलेले. अंगठ्यापुढे बोटभर मोकळी जागा. रबरवाल्यांचे देशी ट्रेकिंग शूज, जाड आणि कडक रबराचे. विकत घेतल्या दिवशीच मोच्याकडे नेऊन त्यांनी कडेनं पूर्ण शिलाई मारून घेतलेली. मावसभावाचे मात्र घोट्यापर्यंतचे भारी परदेशी बूट. त्याच्या थोरल्या भावानं अमेरिकेहून आणलेले, दोनदा घातलेले आणि मग कित्येक वर्षं खोक्यासकट माळ्यावर.

“नवेच आहेत रे दादा,” तो म्हणाला.

रबरवाल्यांनी एक बूट हातात घेतला, टाचेजवळ अंगठा दाबला आणि काही न बोलता खाली ठेवला.

शुक्रवार

साडेपाचला अंधारातच चोर दरवाजाची वाट धरली. चढाबद्दल बुटांच्या बाजूनं सांगण्यासारखं फार नसतं. चढताना सगळेच बूट चांगले वाटतात. वजन चवड्यावर, पाऊल हळू, दगड निवडायला वेळ. रेलिंग लावलेल्या कातळावर माझं रबर छान धरत होतं, पण रबरवाल्यांचंही धरत होतं. उजाडताना पद्मावती माचीवर होतो. तलावापाशी चहा झाला. बालेकिल्ला या वेळी वगळला. नेढंही लांबूनच पाहिलं. संजीवनी माची लांबच लांब आहे आणि तिच्या चिलखती तटबंदीतून फिरताना माणूस बूट वगैरे विसरतो, हे मात्र नोंदवून ठेवतो.

अळू दरवाजातून बाहेर पडलं की तोरण्याकडे जाणारी सोंड सुरू होते आणि बुटांची खरी परीक्षाही. सिंहगड-राजगड-तोरणा ही अल्ट्रा शर्यत याच धारेवरून जाते. डिसेंबरात इथे तीन गोष्टी असतात : घसारा, वाळलेलं गवत आणि कुसळं.

घसाऱ्यावर तळाचे दात कामाला येतात, पण ते खोल आहेत म्हणून नव्हे. दातांमधली जागा मोकळी असते, म्हणून सुटा मुरूम त्यात शिरतो आणि खालच्या घट्ट मातीला दात टेकतो. रबरवाल्यांच्या तळाची नक्षी दाट, उथळ. सपाट कातळावर उत्तम, घसाऱ्यावर मात्र ते तिरके तिरके उतरत होते. वाळलेल्या गवतावर दोघांचीही सारखीच फजिती. गवत आडवं पडलेलं असलं की रबर जमिनीला लागतच नाही, तिथे कुठल्याही कंपनीचा तळ चालत नाही.

कुसळांबद्दल परदेशी परीक्षणांत कोणी लिहीत नाही. ट्रेल रनिंगच्या बुटांची जाळी हवा खेळावी, पाणी निचरावं म्हणून विरळ विणलेली असते. आपल्याकडे दिवाळीनंतर त्या विरळ जाळीतून कुसळं आत येतात, मोज्यातून पायाला टोचतात आणि दर अर्ध्या तासानं बसून उपटावी लागतात. लोकरीचे मोजे असतील तर विचारूच नका, कुसळ त्यात उलटं रुततं आणि मोडतं. घट्ट विणीची जाळी थोडी गरम होते, पण सह्याद्रीत नोव्हेंबर ते मार्च मी तीच घेईन. घोट्यावर कापडी गेटर बांधल्यानं वरून येणारी कुसळं थांबतात, जाळीतून येणारी नाही.

साधारण दहाच्या सुमाराला मागून मावसभावाची हाक आली. त्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटून लोंबत होता. अंगठ्यानं दाबलं तर मधला थर शिळ्या खारीसारखा भुगा होऊन हातात आला. पाच मिनिटांत डावाही तसाच.

“काल दाबला तेव्हाच कळलं होतं,” रबरवाले म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“रात्री नऊला गुंजवण्यात दुसरे कुठून आणणार होतास?”

सुतळीनं दोन्ही बूट बांधले आणि सावलीत बसून त्यांनी कारण सांगितलं. जड ट्रेकिंग बुटांचा मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो. तो दाबला जाऊन बसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं वजन पेलतो. पण त्यातल्या एका जातीला हवेतला ओलावा हळूहळू तोडतो. उष्ण आणि दमट हवेत लवकर तोडतो. बूट वापरले काय आणि खोक्यात ठेवले काय, ही क्रिया थांबत नाही. उलट बंद खोक्यात ओल कोंडते. म्हणजे पुण्या-मुंबईचे चार-पाच पावसाळे माळ्यावर काढलेला ‘नवा’ बूट हा सगळ्यांत बेभरवशाचा बूट. धावण्याच्या बुटांत बहुतेक वेळा ईव्हीए नावाचा फोम असतो, त्याला हा रोग नाही. त्याचा रोग वेगळा, तो उद्या.

खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे ताक पिताना ठरलं की मावसभावानं मिळेल त्या गाडीनं वेल्ह्याला जायचं, काहीतरी पायात घालायचं आणि नेहमीच्या वाटेनं तोरण्यावर यायचं. आम्ही दोघे बुधला माचीकडच्या धारेनं वर निघालो. तो चढ उन्हात केला तर अंत पाहतो, आणि आम्ही उन्हातच केला.

मेंगाई देवीच्या देवळात आम्ही पोचलो तेव्हा मावसभाऊ आधीच पाय पसरून बसला होता. पायात कॅनव्हासचे हंटर शूज. खाली रबरी गोट्या, वर दोन पदरी कापड, किंमत साडेतीनशे. आधीचे बूट त्यानं वेल्ह्यातच सोडले होते, पण सोडण्याआधी आतले जाड इनसोल काढून या बुटांत बसवले होते. या मुलाचं डोकं चालतं, फक्त वेळेवर चालत नाही.

रात्री रबरवाल्यांनी बुटांचे तळ करणाऱ्या व्हिब्रम कंपनीची गोष्ट सांगितली. आज महागड्या बुटांच्या तळाला जो पिवळा अष्टकोन दिसतो, त्याच्या मागे इटलीतला विताले ब्रामानी नावाचा गिर्यारोहक आहे. 1935 मध्ये आल्प्समधल्या रासिका शिखरावर त्याचे सहा साथीदार मरण पावले. त्या काळी खिळे ठोकलेले जड बूट पायथ्याला आणि मऊ तळाचे हलके बूट कातळावर, अशी पद्धत होती. वादळात सापडल्यावर ते हलके बूट थंडीत आणि बर्फात कुचकामी ठरले. दोन्हीकडे चालेल असा रबरी तळ ब्रामानीनं टायरच्या कंपनीच्या मदतीनं काढला, 1937 मध्ये. 1954 साली के-टू पहिल्यांदा सर झालं तेव्हा इटालियन गिर्यारोहकांच्या पायात तोच तळ होता.

“म्हणजे टायरच,” मावसभाऊ म्हणाला.

“टायरच. फक्त टायर मऊ केला तर लवकर झिजतो आणि कडक केला तर घसरतो, हे भांडण तेव्हापासून मिटलेलं नाही.”

रबर मऊ असलं की दगडाच्या बारीक खडबडीत शिरून धरतं, आणि मऊ आहे म्हणूनच प्रत्येक पावलाला थोडं थोडं दगडावर ठेवून येतं. दुकानात ‘उत्तम पकड’ आणि ‘दीर्घकाळ टिकाऊ’ हे दोन्ही एकाच खोक्यावर छापलेलं दिसलं, तर त्यातलं एक मनात कमी करून वाचावं.

शनिवार

पुन्हा बुधला माची, आणि तिथून पश्चिमेकडे उतार. निघण्यापूर्वी बुटाची नाडी वेगळी बांधली. बहुतेक धावण्याच्या बुटांना सगळ्यांत वर घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, आणि बहुतेक लोक ते कशासाठी आहे हे न विचारता बूट झिजवून टाकतात. त्या भोकातून नाडी त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते, उतारावर पाय पुढे सरकत नाही. नखं काळी पडतात ती बूट लहान असल्यामुळेच असं नाही. बूट बरोब्बर मापाचा असून टाच सैल असली तरी प्रत्येक पावलाला अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो.

उतार संपून हारपूडच्या बाजूला आलो आणि मग डांबर. मोहरी गावापर्यंतच्या चालीत कच्चं-पक्कं सगळं मिसळलेलं आहे. जिथे सपाटी आणि पायवाट मिळेल तिथे आम्ही सावकाश पळत होतो, पण रस्त्यावर मात्र चाललो. ट्रेलच्या बुटांना डांबर सोसत नाही. कच्च्या वाटेवर सगळे दात मातीत जातात आणि वजन वाटलं जातं. डांबरावर ते नुसते टोकांवर उभे राहतात, आणि ती टोकं घासली जातात. दुपारपर्यंत माझ्या बुटांच्या टाचेच्या बाहेरच्या कडेचे दात डोळ्यांना दिसण्याइतके गोल झाले होते. पुण्यात राहून टेकडीवर पळायला जाणारे आपण घरापासून टेकडीपर्यंत रस्त्यानंच पळत जातो. बूट टेकडीनं झिजले अशी समजूत होते, प्रत्यक्षात ते रस्त्यानं खाल्लेले असतात.

मावसभावाची गंमत वेगळीच. घसाऱ्यावर त्याच्या रबरी गोट्यांनी आम्हा दोघांना लाजवलं होतं. सकाळच्या उतारात तो सगळ्यांत पुढे. डांबर लागल्यावर एकेक गोटी तळव्याला जाणवू लागली आणि तासाभरात तो रस्त्याच्या कडेच्या धुळीतून चालायला लागला. हंटर शूजचं कौतुक करणारे ट्रेकर पुष्कळ भेटतात. पकडीबद्दल ते खरं आहे. पण त्या बुटाला टाचेखाली काही नाही. घाटातला माणूस दिवसभर ते घालून हिंडतो, कारण त्याचा पाय लहानपणापासून त्या जमिनीवर घडला आहे. ऑफिसच्या खुर्चीत घडलेल्या पायानं ते उदाहरण घेऊ नये.

आता फोमचा रोग. ईव्हीए म्हणजे लाखो बारीक हवाबंद कप्पे. पाऊल पडलं की दबतात, उचललं की फुगतात, पण शंभर टक्के नाही. रोज थोडी उंची कायमची जाते. काही भाग रात्रीच्या विश्रांतीत परत येतो, म्हणूनच दोन जोड आलटून-पालटून वापरावेत असं सांगतात. पण ट्रेकला दुसरा जोड कोण नेणार? पाठीवर आठ-नऊ किलो असताना दुसऱ्या दिवशी दुपारी मला टाचेखालचा मऊपणा कमी झालेला स्पष्ट जाणवला. दुखत नव्हतं, फक्त दगड आता दगड वाटत होते. बुटाचं आयुष्य 500 ते 800 किलोमीटर असं जे म्हणतात ते फोमचं आयुष्य, आणि त्यात सॅकचं वजन धरलेलं नसतं. वरून बूट धडधाकट दिसतात, म्हणून आपण पुढेही घालत राहतो आणि गुडघा दुखला की वयाला दोष देतो.

संध्याकाळी मोहरीतून रायलिंगच्या पठारावर गेलो. समोर लिंगाणा, त्याच्यामागे रायगड. तिथे कोणीही बुटांबद्दल बोललं नाही.

रविवार

सिंगापूर नावाच्या गावाजवळच्या नाळेनं कोकणात उतरायचं होतं. मोहरीतल्या मामांना वाट दाखवायला सोबत घेतलं. त्यांच्या पायात साध्या प्लास्टिकच्या सँडल. मावसभावाकडे बघून म्हणाले, “ह्ये बरं केलं. ते जाडे बूट घालून लोकं येत्यात अन् पाय मुरगाळून बसत्यात.”

यात तथ्य आहे. गेल्या काही वर्षांत जाड तळाच्या बुटांची लाट आली. होका ही कंपनी 2009 साली फ्रान्समध्ये निघाली ती उतारावर वेगानं पळता यावं म्हणून, आणि त्यानंतर सगळ्यांनीच तळ जाड केले. लांबच्या मऊ वाटेवर ते पायांना फार सुखाचे आहेत, मी वापरले आहेत. पण पाय जमिनीपासून जितका उंच, तितका कडेच्या दगडावर पडल्यावर घोट्याला बसणारा झटका मोठा. दुसऱ्या टोकाला आल्ट्रा या कंपनीसारखे बूट, ज्यांत टाच आणि चवडा एकाच पातळीवर. पुढून पंजा मोकळा राहतो, पण सवय नसेल तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर चार दिवसांत बोलायला लागतात. धोंड्यांच्या नाळेसाठी मला मध्यम जाडीचा तळ आणि फोमखाली दगड टोचू नये म्हणून घातलेली पातळ प्लास्टिकची पट्टी, एवढं पुरतं. माझ्या बुटांत ती पट्टी आहे, आणि नाळेत तिची किंमत कळली.

नाळ म्हणजे पावसाळ्यात पाण्याची आणि इतर वेळी माणसांची वाट. धोंडे, त्यांत अडकलेला पाचोळा, मधेच माती सरकलेली. इथे पळणं नाहीच. दर पावलाला बूट वेगळ्या दिशेनं वाकतो, चवडा दोन धोंड्यांत अडकतो, कड घासते. बूट मरतात ते अशा जागी. माझ्या उजव्या बुटाची जाळी करंगळीच्या बाजूला, चवडा वाकतो नेमकी तिथे, उसवली. पुढच्या टोकावरची रबरी पट्टी डिंक सोडून अर्धा इंच वर आली. तळ अजून निम्म्याहून जास्त शिल्लक. माझ्या आजवरच्या बुटांत हेच क्रमानं होत आलं आहे : आधी करंगळीजवळची जाळी, मग टोकाचा डिंक, सगळ्यांत शेवटी तळाचं रबर. परीक्षणं मात्र तळाच्या रबरावर पानंच्या पानं लिहितात.

करंगळीजवळच का? नाळेतल्या एका मोठ्या सावलीत बसलो असताना रबरवाल्यांनी तिघांचे अनवाणी पाय शेजारी ठेवायला लावले. तिघांचेही चवडे रुंद, बोटं पसरलेली. लहानपण चपलांत आणि अनवाणी गेलेल्या पायांचं असंच होतं, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. अमेरिकन मापात पुरुषांच्या बुटाची नेहमीची रुंदी डी धरतात, रुंद म्हणजे टू-ई, त्याहून रुंद फोर-ई. आपल्या दुकानांत बहुतेक वेळा फक्त डी असतो. मग पाय मावत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. लांबी वाढते, टाच सैल होते, बूट भलत्याच जागी वाकतो आणि करंगळी तरीही जाळीला आतून ढकलतच राहते. बाहेरून धोंडा, आतून करंगळी. त्या कापडानं किती दिवस काढायचे? दहा-बारा हजारांचे बूट घेताना रंगावर वेळ घालवण्याऐवजी आतला इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहावं. पाय कडेबाहेर येत असेल तर तो बूट कितीही हलका, कितीही नावाजलेला असो, परत खोक्यात.

रबरवाल्यांच्या शिवलेल्या बुटांना नाळेत काही म्हणता काही झालं नाही. फक्त त्यांच्या दोन्ही टाचांना फोड आले. त्यांनी चिकटपट्टी लावली, एक गोळी घेतली आणि “बूट टिकले ना?” असं वर विचारलं.

दुपारी दापोलीत उतरलो. हर्णैजवळची दापोली नव्हे, ही नाळेच्या पायथ्याची. मामा तिथून मागे फिरले. पुढे काळ नदीच्या पात्रात घोटाभर पाणी होतं. मी बूट न काढता तसाच गेलो. जाळीतून पाणी आलं तसं गेलं, तासाभरात मोजेही जवळजवळ सुके. बुटाला आतून जलरोधक पडदा असता तर घोट्यावरून आत आलेलं पाणी आतच राहिलं असतं. तो पडदा थंड मुलखात, दवात आणि बर्फात कामाचा. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी वरून येतंच, मग बूट म्हणजे पाण्याची पिशवी होते. मावसभावाचा कॅनव्हास रायगडवाडीपर्यंत ओलाच राहिला आणि रात्री त्याला यजमानांच्या चुलीजवळ जागा मिळाली. त्यानं ते बूट चुलीच्या अगदी तोंडाशी नेले तेव्हा रबरवाल्यांनी ओरडून मागे घ्यायला लावले. डिंक आणि फोम, दोघांनाही आच सोसत नाही.

सोमवार

चित दरवाजाच्या बाजूनं रायगड. पायऱ्या, गर्दी, लिंबू सरबत. लाखो पावलांनी गुळगुळीत केलेल्या दगडी पायऱ्यांवर मऊ रबर आणि कडक रबर यांतला फरक उतरताना लख्ख दिसला. रबरवाले कडेला धरून उतरत होते, मी मोकळा. महादरवाजापाशी मावसभावाला रोपवे आठवला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही. सदरेवर आणि समाधीपाशी जितका वेळ काढायचा तितका काढून दुपारी पाचाडला आलो. जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि महाडची गाडी पकडली.

महाडला पुण्याच्या गाडीला वेळ होता. स्टँडबाहेर एक मोची काका बसले होते. मी करंगळीजवळची उसवलेली जाळी दाखवली. त्यांनी बूट उलटा केला, वाकवला, हात आत घालून बघितलं.

“टोकाला सोल्यूशन लावून दाबून देतो, ते धरेल. जाळीला आतून रेक्झिनचा तुकडा लावतो, पण शिलाई तळातून नाही मारणार. हा फोम आहे. सुई गेली की प्रत्येक भोकातून फाटत जाईल.”

“आणि यांचे कसे शिवले होते?” मी रबरवाल्यांच्या पायाकडे बोट केलं.

“त्यांचा तळ भरीव रबराचा आहे, त्याला दोरा चालतो. तुमच्या महागाच्या बुटांना दुरुस्ती कमीच. झिजवायचे आणि नवे घ्यायचे.” मग मावसभावाच्या हंटर शूजकडे बघून म्हणाले, “याला तर मी हात पण नाही लावणार. याची शिलाई नव्या बुटाएवढी होईल.”

माझ्या दोन्ही बुटांचे ऐंशी रुपये झाले. आतला रेक्झिनचा तुकडा करंगळीला लागतो का ते बघायला मी स्टँडच्या आवारात एक चक्कर मारून आलो. थोडा लागत होता. काकांनी बूट परत मागितला, तुकड्याची कड कातरून पातळ केली आणि म्हणाले, “आता टेकडीपुरते धरा. पुढच्या गडाला नवे बघा.”

मावसभाऊ तोवर फोनवर थोरल्या भावाला अमेरिकेत मेसेज करत होता, बूट आणशील तर येताना पायातच घालून ये म्हणून.